कोंबड्यापायी घर हारलं: फ्रेंड्सच्या चौथ्या सीझनचा बारावा भाग

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेतातल्या पंपाची थ्री फेज काही दिवस दिवसा येते काही दिवस रात्री, आणि रात्रीची आली की हरभऱ्याला तुषार लावायला रात्रीच वावरात जावं लागते, मग बंड्यात, म्हणजे वावरातल्या खोपटात, घोंगडं पांघरून बसा, कान मोटारीकडे आणि डोळे मोबाईलमध्ये. तर परवा रात्री असाच बसून फ्रेंड्सचा तो प्रश्नमंजुषेवाला भाग पाहिला, नवव्यांदा असन नाहीतर दहाव्यांदा, मोजणं सोडलं आता. आणि पाहता पाहता वाटलं की याचा रिव्ह्यू आपण लिहिलाच पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या पोट्ट्यांनी याच्यावर भरपूर लिहून ठेवलं असन, पण घरी कोंबडा असलेल्या माणसानं लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांना पटकन सांगतो. न्यूयॉर्कमधले सहा दोस्त, त्यातल्या मोनिका आणि रेचल एका फ्लॅटात, समोरच्या दारात चँडलर आणि जोई, मोनिकाचा भाऊ रॉस वेगळा राहते, आणि फीबी म्हणजे अर्धी जगावेगळी. १९९४ ते २००४, दहा सीझन, २३६ भाग. हा भाग अमेरिकेत १५ जानेवारी १९९८ ला लागला, जिल कॉन्डन आणि एमी टूमिन या दोघींनी लिहिला, केविन ब्राइटनं डायरेक्ट केला. तेव्हा आमच्या गावात लोकं शेजारच्याच्या घरी दारात चपला काढून टीव्ही पाहायला जात, आणि तिथं असलं काही लागायचा प्रश्नच नव्हता. मला हे भेटलं खूप उशिरा, अमरावतीला रूम करून राहत होतो तेव्हा, रूम पार्टनरच्या हार्ड डिस्कमधून. इंग्रजी समजत नव्हतं तरी खालची अक्षरं वाचत वाचत पाहायचो, पहिल्यांदा वाचून होईपर्यंत जोक निघून जायचा, मग मागं घ्यायचं, पुन्हा पाहायचं, असं बावीस मिनिटाच्या भागाला तासभर लागायचा. इंग्रजीचा क्लास लावला होता त्याच्यापेक्षा याच्यातच जास्त शिकलो हे खरं आहे, फी वाया गेली ते वेगळं.

आता कोंबडा. चँडलर आणि जोईनं फ्लॅटात एक कोंबडीचं पिल्लू आणि एक बदक पाळलेलं आहे. पिल्लू मोठं झालं आणि पहाटे आरवायला लागलं, समोरच्या पोरींची झोप मोडली, त्या चिडून आल्या. आणि हे दोघं काय म्हणते, की जनावराच्या डॉक्टरचं म्हणणं आहे हा कोंबडा होऊन राहिला, पण आम्ही अजून एका डॉक्टरला विचारणार आहोत. एवढ्यावर मी हसलो तर माय मागून म्हणे काऊन हासतं रे, मी सगळं समजावून सांगितलं, तर तिला हसू आलंच नाही, तिला रागच आला. "तुरा दिसत नाही का त्याईले? अन् कोंबडा आरवनार नाही तं काय भजन म्हनन?" मायचा मुद्दा बरोबर आहे. आणि कोंबडा पहाटेच आरवते हेही खोटंच, आमचा रात्री दोनला आरवते, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि लाईट पडला तरी आरवते, कोणी त्याच्यावरून भांडायला येत नाही. उलट असा तुरेबाज कोंबडा आमच्याकडे घरी जावई येईपर्यंतच टिकला असता. पण लिहिणाऱ्या बाईंचं कौतुक याच्यासाठी की एवढ्याशा आरवण्यावरून त्यांनी आख्खं घर पैजेवर लावेपर्यंत गोष्ट नेली, आणि कुठंच ओढून ताणून वाटत नाही.

सुरुवात होते थैलीवरून. रेचलची बाजाराची थैली असते, आणि पोट्टे म्हणते आम्ही तुम्हाला इतकं ओळखतो की थैली न उघडता आत काय काय आहे ते सांगतो, आणि सांगते घडाघडा. आता हे अमेरिकेत कौतुकाचं असन. आमच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसलेल्या कोणत्याही म्हातारीला विचारा. थैलीचा झोल पाहूनच सांगते की वांगे घेतले, आणि घेताना वरचे पाहिले खालचे पाहिले नाही. एकदा मी गुपचूप अर्धा किलो जिलेबी आणली होती, कागदात गुंडाळून, कांद्याच्या खाली, तर शेजारची आजी लांबूनच म्हणे "आज काय विशेष?" म्हणून मला तो सीन पाहताना जोईचं काही विशेष वाटत नाही, पण रेचलचा चेहरा जो पडते ना, तो मला आरपार समजते.

मग रॉस मधात पडते. हा माणूस डायनासोरच्या हाडांचा अभ्यास करणारा, संग्रहालयात काम करणारा, त्याला असं काही सोपवलं की तो जीव ओतते. एका बैठकीत पूर्ण खेळ तयार, फळा तयार, विषयाचे चार रकाने, भीती आणि चिडायच्या गोष्टी, प्राचीन इतिहास, साहित्य आणि नातेवाईक. दोन्ही टीमला दहा दहा प्रश्न. आणि तो जो सूत्रसंचालकाचा आवाज काढते, आमच्या शारदा मंडळाच्या सामान्य ज्ञान स्पर्धेत एक गुरुजी होते, माईक हातात आला की गुरुजी राहायचेच नाही, आकाशवाणी व्हायचे, सेम तसाच. डेव्हिड श्विमरला लोकं रडका रॉस म्हणून लक्षात ठेवते, पण मला विचाराल तर या भागात तो सगळ्यात भारी आहे, आणि त्याला खेळायचं तर नाहीच, फक्त प्रश्न विचारायचे आहेत.

प्रश्न कसे आहेत ते पाहा. मोनिका आपल्या टॉवेलांचे प्रकार पाडते, किती प्रकार? अकरा, आणि पोट्ट्यांना हे बरोबर येते. (अमरावतीच्या आमच्या रूमवर टॉवेलचा एकच प्रकार होता, वाळलेला. तो ज्याच्या हाती लागन त्याचा.) जोईचा लहानपणी एक मनातल्या मनातला दोस्त होता, त्याचं नाव काय? मॉरिस. त्याचा धंदा काय? अंतराळातला काऊबॉय. रेचलचा आवडता सिनेमा कोणता म्हणून ती लोकांना सांगते, आणि खरा आवडता कोणता? दोन्ही उत्तरं वेगळी, आणि हा प्रश्न तर मला फार आवडला, कारण मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा वाचनाची आवड म्हणून मीसुद्धा सांगितलं होतं.

आजीचा प्रश्नही असाच. रॉस विचारते, मोनिकाची आणि माझी आजी वारली, तुम्ही दोघंही मयतीला आले होते, तिचं नाव सांगा. पोट्टे म्हणते नाना, म्हणजे तिकडे आजीला लाडानं म्हणते तसं, तो म्हणते नाना नाही, तिला खरं नाव होतं. मग चँडलर अंदाजपंचे म्हणते अल्थीया, आणि बरोबर निघते! जोई त्याच्याकडे असा पाहते की हे तुले कुठून आलं बे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसता हसलो होतो. नंतर बाबा गेल्यावर वारसाच्या नोंदीसाठी कागदं गोळा करायला लागलो तेव्हा आजीचं नाव लिहायची वेळ आली आणि मी पेन धरून बसलो. जन्मभर आजी म्हटलं, गावानं बुढी म्हटलं, नाव कोणी घेतलंच नाही. शेवटी शेजारच्या गावी आत्याला फोन लावला. तो फॉर्म भरताना मला चँडलर आठवला बरं का, खोटं नाही सांगत.

आणि तो पत्त्याच्या चिठ्ठीचा प्रश्न, ज्याच्यावर जगभर लोकं आजही टीशर्ट घालून फिरते. टीव्हीचं साप्ताहिक चँडलर-जोईच्या घरी येते, त्याच्यावर नाव काय छापलेलं असते? मोनिका झटकन म्हणते चँडलर बिंग. रॉस म्हणते नाही, चनँडलर बाँग. आणि आता खरी गंमत पाहा, उत्तर चुकवलं मोनिकानं, आणि ओरडते रेचलवर, मला माहीत होतं, डोकं वापर ना म्हणून! आणि तिकडून चँडलर शांतपणे दुरुस्ती करते की मिस चनँडलर बाँग. मिस! आमच्या लाईट बिलावर आजोबाचं नाव आहे, तेही असं छापलेलं की आडनावात दोन अक्षरं कमी आणि एक कुठून तरी जास्तीचं, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, दुरुस्तीचा अर्ज देऊन झाला, झेरॉक्स देऊन झाल्या, आता घरात त्या नावाचा एक वेगळाच माणूस राहते असं आम्ही धरून चालतो, उन्हाळ्यात बिल जास्त आलं की माय म्हणते त्यानंच कूलर लावला असन.

पैज वाढत जाते तो भाग नीट पाहण्यासारखा आहे. आधी पैसे, मग पैसे वाढले, मग पोरी म्हणे आम्ही जिंकलो तर कोंबडा आणि बदक दोन्ही घरातून काढायचे, आणि मग चँडलर म्हणते आम्ही जिंकलो तर तुमचा फ्लॅट आमचा. कोणी शहाणा माणूस इथं उठून गेला असता. पण मोनिकाला हरणं माहीतच नाही. पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात पत्ते बसतात तिथं हा चेहरा मी पाहिला आहे, खिशात काही उरलं नाही तरी उठवत नाही, पुढचा डाव आपलाच आहे असं वाटते, बैल दारात सजवून उभे आहेत आणि मालक पत्त्यात. धर्मराजानं केलं तेच. कोर्टनी कॉक्सनं ते इतकं खरं केलं आहे की हसू येते आणि पोटात गोळाही येते, कारण तो फ्लॅट साधा नाही, आजीच्या नावावरचा जुन्या भाड्याचा आहे, नाहीतर स्वयंपाकिणीच्या पगारात न्यूयॉर्कला एवढं मोठं घर भेटते का.

नऊ-नऊ बरोबरी होते. मग झटपट फेरी, तीस सेकंद. आणि तिथं तो प्रश्न येते ज्याच्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहून राहिलो. चँडलर बिंग काय काम करतो?

दोघी एकमेकीकडे पाहते. आकड्यांचं काहीतरी आहे. प्रोसेसिंगचं काहीतरी आहे. हातात बॅग असते त्याच्या! आणि शेवटी रेचल जीव तोडून ओरडते, ट्रान्सपॉन्स्टर! मोनिका म्हणते असा शब्दच नाही! वेळ संपला, घर गेलं. लोकांना वाटते या मालिकेतलं हसू मागून चिकटवलेलं आहे, पण हे कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत समोर खरे प्रेक्षक बसवून शूट व्हायचं, आणि या जागी तो जो गलका उठते तो ऐका एकदा हेडफोन लावून.

रोज सकाळी ज्याच्यासोबत कॉफी पिता, ज्याच्या बापाची, आईची, भीतीची, पहिल्या मुलीची सगळी कुंडली पाठ आहे, तो दिवसभर काय करतो ते माहीत नाही. हे लिहिणाऱ्यांनी बरोबर पकडलं राव. आमच्या गावची किमान वीस पोरं पुण्यात आहेत, त्यातला कोण कोणत्या गल्लीत राहते, कोणाचं कोणाशी जमलं, कोणाच्या रूमवर कोण जाऊन पडते हे पारावर सगळं माहीत आहे. काय काम करतो म्हटलं की "कंपनीत हाय". कोणती कंपनी? "कंप्युटरची." अन् काय करते तथी? "आता काय करते, कंप्युटरवरच बसते ना बावा."

याच्यावरून झालेली आमच्या घरची गोष्ट सांगतो. मागच्या हिवाळ्यात रूमवरचे आम्ही तिघं कितीतरी वर्षांनी एकत्र आलो, मास्तरच्या वावरात रोडग्याचा कार्यक्रम होता. मास्तर म्हणजे आमचा रूम पार्टनर, मास्तर नाहीच तो, पण मेसवाल्याच्या फळ्यावरचे शब्द खडूनं सुधारायचा म्हणून मास्तर. तिसरा धारणीचा. रोडगे शेणीच्या निव्यात भाजून राहिले होते, वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर, जेवायला दीड तास होता, तर मी म्हटलं आपण तो खेळ खेळू. हारणाऱ्यानं सगळे गंज घासायचे, तेही राखेनं. बायका-पोरं प्रेक्षक.

सुरुवातीला मी जोरात होतो. मास्तर कशाला भेते? पालीला, आणि पाल दिसली की बारा वाजता घरमालकाला उठवते. धारणीवाल्यानं पहिल्या मुलीला दिलेली भेट कोणती? गाईड, समाजशास्त्राचं, तेही वापरलेलं. मास्तर मेसमध्ये काय खात नव्हता? गवारीच्या शेंगा. असे धडाधड. मग धारणीवाल्यानं मला विचारलं, "मास्तर रोज सकायी साडेचारले उठून कोठी जाये?" मी म्हटलं हे काय प्रश्न झाला, रनिंगले. पोलीस भरतीची तयारी करत होता तो, कॅनव्हासचे बूट घालून जायचा, सातला घामाघूम येऊन आंघोळीला नंबर लावायचा. आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो, मला माहीत नसन तर कोणाला.

धारणीवाला म्हणे चूक. मास्तर पेपर टाकायचा. दोन लाईनी होत्या त्याच्याकडे, सायकलवर, मेसचे पैसे त्याच्यातून निघायचे. धारणीवाल्याला माहीत होतं कारण एकदा मास्तर तापानं पडला तेव्हा पाच दिवस यानं टाकले, आणि मला उठवलं नाही कारण मी उठतच नव्हतो.

मी म्हटलं साल्या तरीच, रोज पळून पळून तुहं ग्राउंड काऊन निघालं नाही, सोळाशे मीटर. मास्तर म्हणे "पयत होतो कोठी बे, पायडल मारत होतो." सगळे हसले, मीही हसलो. मग मी गंज घासले. तीन मोठे होते आणि एक परात.

तर ट्रान्सपॉन्स्टरवर मी आता जरा वेगळा हसतो, एवढंच.

फीबीची गोष्ट राहिली. या भागात दुसरी गोष्ट तिची आहे आणि भागाचं इंग्रजी नावही तिच्याच गोष्टीवरून आहे. तिचा सावत्र भाऊ फ्रँक, त्याची बायको अ‍ॅलिस त्याच्यापेक्षा बरीच मोठी, त्याची शाळेतली मास्तरीणच. त्यांना मूल होत नाही म्हणून फीबी त्यांचं मूल आपल्या पोटात वाढवणार. डॉक्टर पाच गर्भ सोडते आणि म्हणते पंचवीस टक्के चान्स आहे, आणि त्या दोघांनी होते नव्हते तेवढे सगळे पैसे यात घातलेले. फीबी त्या काचेच्या ताटलीतल्या गर्भांशी बोलते, घट्ट धरून राहा म्हणून, तो सीन छोटासाच आहे, तिथं लिसा कुड्रोनं जोक आणि माया एकाच वाक्यात बसवली आहे.

माझी बायको आशा सेविका आहे. तिच्यासोबत हा भाग पाहणं हा वेगळाच प्रकार. फीबी घरी आली आणि लगेच किटवर तपासणी करून राहिली तर ही ओरडलीच, "अजी आजच सोडलं अन् आजच किट लावते का कोनी? पाळी तं चुकू द्या!" तिच्या थैलीत सरकारचे निश्चय किट असतात, गावातल्या पोरी दोन दिवस नाही झाले की येऊन मागते, आणि ही प्रत्येकीला तेच सांगते, सकाळची पहिली लघवी घे आणि घाई करू नको. मग मी तिला म्हटलं अमेरिकेत चालत असन. ती म्हणे पोट तं तेच हाय ना. नंतर मी शोधून पाहिलं, आपल्याकडे सरोगसीचा २०२१ चा कायदा आहे, पैसे घेऊन पोट देता येत नाही, आणि बाईचं लग्न झालेलं पाहिजे, स्वतःचं मूल पाहिजे, म्हणजे फीबी आपल्या इथं फॉर्मातच बाद झाली असती. आणि पाच गर्भ तर नाहीच, नियमात एक, खास कारण असलं तर तीनपर्यंत. तिकडे पाच सोडले, आणि पुढच्या सीझनमध्ये तिळी झाली. खरी लिसा कुड्रो तेव्हा खरंच पोटुशी होती, तिचा मुलगा मे १९९८ मध्ये झाला, म्हणून तर ही सगळी गोष्ट घातली.

कमी काय आहे तेही सांगतो. दोन गोष्टी एकमेकीत कापून कापून दाखवल्या आहेत, आणि खेळ ऐन रंगात असताना दवाखान्यात जावं लागते, तेव्हा पहिल्यांदा पाहताना चिडचिड झाली होती. चँडलरच्या बापावरचे जोक तेव्हा चालून गेले असतील, आता ऐकताना जरा अवघड वाटते, बापाच्या नाचण्या-कपड्यावर हसायचं एवढंच त्याच्यात आहे. आणि कोंबडा-बदकाचं खाणंपिणं, घाण कोण काढते हे कोणी नीट दाखवत नाही, आमच्याकडे एका खुराड्याचा वास आख्ख्या आळीला असते, यांच्या फ्लॅटात सगळं चकाचक. पण शेवट पाहा. इकडे घर बदलायचं सामान भरून राहिले, पोट्टे त्या मोठ्या पांढऱ्या कुत्र्याच्या पुतळ्यावर बसून राजासारखे नव्या घरात घुसते, चौघं एकमेकांवर ओरडून राहिले, आणि तिकडून फीबी बाहेर येते, किट हातात. भांडणाच्या मधातच सगळे थांबते. फ्रँक ओरडते की माझी बहीण माझ्या लेकराची आई होणार! मी दहा वेळा पाहिलं आणि दहाही वेळा तिथं घसा जड झाला, मोटारीचा आवाज होता म्हणून कोणाला समजलं नाही.

पाचापैकी पावणेपाच. पाव मार्क कोंबड्याच्या घाणीचा कापला. फ्रेंड्स कधीच पाहिलं नसन तर याच्यापासून सुरू करू नका, आधी माणसं ओळखीची होऊ द्या, नाहीतर लग्नात दुसऱ्याच्या मांडवात जेवल्यासारखं होते, पोट भरते पण कोणाचं लग्न ते समजत नाही. पहिले तीन सीझन पाहा, मग या.

हां, आणि रोडग्याच्या त्या खेळानंतर घरी आलो तर बायकोला चेव चढला. म्हणे आता मी विचारते, तीस सेकंद. मी म्हटलं विचार. पैज ठरली, रिमोटची. "माह्याकडं या महिन्यात गरोदर बाया किती?" मी म्हटलं सात, कारण सकाळीच ती कोणाला तरी फोनवर सात म्हणत होती. ती म्हणे, "सात मांगच्या महिन्यात होत्या. तीन बायंत झाल्या. त्यातल्या एकीच्या बारशाले तुमी दोनदा भात घेतला."

तेव्हापासून घरच्या टीव्हीवर काय लागन ते ती ठरवते. मोनिका-रेचलला त्यांचं घर सात भागांनी परत भेटलं, कसं भेटलं ते पाहून घ्या, तो उपाय माझ्या कामाचा नाही. म्हणून तर या थंडीत बंड्यात बसून पाच इंचाच्या मोबाईलवर पाहून राहिलो. आता थांबतो, मोटारीचा आवाज येणं बंद झालं मघापासून, कधीचं बंद झालं काय माहीत.